आधी कापड बघा

‘अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य’ अशी आपल्याकडं म्हण आहे. ज्यानं ती केली त्याला जावई असेल नसेल, दुखणं मात्र नक्की असणार. माझा सगळा जन्म त्या अवघड जागेवर पोट भरण्यात गेला. या अंकाच्या संपादकांनी ‘नोकरीतले अनुभव लिहा’ म्हणून गळ घातली तेव्हा मी त्यांना आधीच सांगितलं, की बाबांनो, लोक शिकारीच्या नि परदेशवारीच्या आठवणी लिहितात, माझ्याकडं पुरुषांच्या जांघेतले फोड आहेत. आणि दिवाळीचा अंक लोक फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचतात. संपादक हसले आणि म्हणाले, “जपून लिहा.” जपूनच लिहितो. त्या जागेचं सगळं काम जपूनच करायचं असतं, त्यामुळं हाताला सवय आहे.

माझं नाव दस्तगीर. महाराजांच्या अमदानीत मी कोल्हापुरात दरबारच्या एका दवाखान्यात ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, मलम लावणारा, पट्ट्या बांधणारा. माझे वडील जर्राह होते. गळवं कापणं, सरकलेली हाडं बसवणं, भाजलेल्यावर मलम लावणं हा आमच्या घराण्याचा पिढीजात धंदा. दवाखाना निघाला तसा डॉक्टरसाहेबांनी मला वडिलांच्या हाताखालून उचलला आणि आपल्या हाताखाली घेतला. वडील जरा कुरकुरले, पण महिन्याच्या महिन्याला पगार म्हटल्यावर गप्प बसले.

डॉक्टरसाहेब पुण्याकडचे. कोट, चष्मा, टापटीप बोलणं. माणूस लाखात एक, पण आमच्या गावच्या गड्यांची त्यांच्या कॉलरीकडं बघूनच दातखीळ बसायची. ताप, खोकला, हगवण त्यांना सांगायची, आणि खरं दुखणं मागच्या खोलीत येऊन मला. त्या खोलीला मी एक जाड पडदा शिवून घेतला होता. पडद्याच्या आत एक स्टूल, एक बाकडं, पाण्याचं घंगाळ आणि मलमांच्या बरण्या. एवढ्या भांडवलावर मी निम्म्या कोल्हापूरची लाज राखली, असं आमची बायको म्हणायची. यात तिचा नवऱ्याचा अभिमान किती आणि टोमणा किती, ते मला अजून कळलेलं नाही.

बाहेरच्या वाचकाला वाटेल, एका गावात असले किती रोगी असणार? तर त्या वेळचं कोल्हापूर म्हणजे तालमींचं आणि पागांचं गाव. गल्लीगल्लीत तालीम. पहाटेपासून गडी लंगोट कसून लाल मातीत लोळायचे. दरबारच्या पागेतले स्वार दिवसभर खोगिरावर, गाडीवान गाडीच्या साटीवर. सगळ्यांचा घाम एकाच ठिकाणी गोळा व्हायचा. तिथं वारा लागत नाही, ऊन लागत नाही, आणि कातडं डोळ्याच्या पापणीसारखं नाजूक. घाम, माती आणि घट्ट कापड असे तिघं एकत्र आले की कातडं आधी लाल होतं, मग सोलतं, मग फोड येतात. त्यात माणूस लाजेनं आठ-पंधरा दिवस गप्प बसतो आणि ऐकीव औषधं लावून आगीत तेल ओततो. माझ्याकडं येईपर्यंत निखारा झालेला असायचा.

दुखणं सांगण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणी ‘खालतीकडं जरा चुरचुरतंय’ म्हणे, कुणी ‘धोतर लागतंय’ म्हणे. एक गाडीवान तर ‘बैल बिघडलाय’ इथून सुरुवात करून बऱ्याच वेळानं स्वतःवर आला. मी कुणालाही पहिल्यांदा ‘दाखवा’ म्हणत नसे. ‘बसा’ म्हणे. माणूस स्टुलावर कसा बसतो यावरून निम्मं निदान व्हायचं. जो स्टुलाच्या कडेवर टेकून, गुडघे लांब ठेवून छताकडं बघतो, त्याला काही विचारायला नको.

शिरोळकडचे एक अडत व्यापारी होते. वयानं मोठे, मानाचा माणूस. ते आले आणि म्हणाले, “दस्तगीरभाई, आमच्या पुतन्याला जरा तरास हाय.”

“काय त्रास?”

“जांघंत नायटा झालता. कुनी तरी म्हनलं, गोवा पावडर लावा. लावली.” एवढं बोलून शेटजींनी डोळे मिटले. “तवापास्नं त्येला दिवसा चांदन्या दिसाय लागल्यात.”

गोवा पावडर नायट्याला उतारा खरी, पण ती हातापायाच्या नायट्याला. या जागेला ती लावणं म्हणजे पापणीला चुना लावणं. शेटजी बोलत होते ते उभ्यानंच, पाय फाकवून, धोतराचा सोगा अंगापासून लांब धरून. मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, “पुतण्याला म्हणावं, गार पाण्याच्या घड्या ठेवा. चोळू नका. नंतर हे जस्ताचं मलम पातळ लावा. आणि चार दिवस सैल पंचा, बाकी काही नाही.”

“बरं. आनि पुतन्यानं बसायचं का हुबं ऱ्हायचं?”

“पुतण्यानं झोपावं.”

“गाडीतनं घरी जायला लई लांब हाय की वो पुतन्याला!”

शेवटी पुतण्याला दवाखान्यातल्या बाकड्यावर दोन घटका पालथं झोपवलं आणि मग गाडीत बसवलं. महिन्याभरानं कृष्णाकाठच्या वांग्यांची पाटी आली, ‘पुतण्याकडून’ म्हणून. पुढं एकदा शेटजींचा खरा पुतण्या खोकल्याचं औषध न्यायला आला, तर मी त्याच्याकडं इतक्या मायेनं बघितलं की तो बिचारा बावरून गेला.

माझा धंदा मला खरा शिकवला तो मात्र पागेतल्या एका स्वारानं आणि डॉक्टरसाहेबांनी. त्या स्वाराला दोन्ही जांघांत चट्टे. मी मलम लावायचो, बरं व्हायचं, पुन्हा आठवड्यानं स्वार हजर. मी मलम बदललं, कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी दिलं, वडिलांचा जुना लेप काढला. स्वार काही हटेना. मला वाटायला लागलं की याच्या रक्तातच काही तरी आहे. डॉक्टरसाहेब दारातून बघत होते. म्हणाले, “दस्तगीर, तू इतके दिवस कातडं बघतोयस. आधी कापड बघ.”

स्वाराची विजार मागवली. परटानं तिला तांदळाची खळ इतकी घातली होती की भिंतीला टेकवून ठेवली तर ती आपल्या पायांवर उभी राहिली. आम्ही तिघंही हसलो. विजार साध्या पाण्यातून काढली, आणि स्वार पुन्हा आला नाही. त्या दिवसापासून मी तो मंत्र धरला. या जागेचं कातडं सहसा आपणहून बिघडत नाही, त्याला कुणी तरी छळलेलं असतं. कापडानं, साबणानं, मातीनं नाही तर मालकानं स्वतः.

लगेहात चार शब्द सांगून टाकतो, पुन्हा या वयात मला कुणी विचारणार नाही. फोड आला तर फोडू नका, आतलं पाणी हेच त्याचं औषध असतं. धुवायचं ते साध्या गार पाण्यानं, साबण लांब ठेवा. पुसायचं नाही, मऊ कापडानं टिपायचं. वारा लागू द्या, सैल नेसा. चुना, तंबाखू, रॉकेल, लिंबू यांतलं काहीही तिथं नेऊ नका. ही यादी मी मनानं केलेली नाही, एकेक बघितलेलं आहे. ताप आला, पू झाला, लघवीला जळजळलं किंवा दोन-चार दिवसांत उतार पडला नाही, तर लाज गुंडाळून डॉक्टरकडं जा. डॉक्टरांनी तुमच्याआधी पुष्कळांचं बघितलेलं असतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ती गोष्ट.

पंचगंगेच्या अंगाला एक तालीम होती. तिचे वस्ताद येसबा. उंचीनं बेताचे, मान खांद्यात बसलेली, आवाज असा की तालमीत बोलले तर घाटावरची धुणी थांबावी. येसबांनी जन्मात लग्न केलं नाही आणि जन्मात खोटं बोलले नाहीत, या दोन गोष्टी साऱ्या पेठेला ठाऊक होत्या. त्यांच्या तालमीत मारुतीसमोर भिंतीला खुंट्या होत्या आणि प्रत्येक पैलवानाचा लंगोट त्याच्या खुंटीवर. पैलवान लंगोटाचा पक्का हवा, म्हणजे बाईच्या वाटेला न जाणारा, हा तालमीचा पहिला कायदा. ज्यानं तो मोडला, त्याला येसबा शिवी देत नसत, मारत नसत. त्याचा लंगोट खुंटीवरून काढून त्याच्या हातात ठेवत. बस्स. त्यानं तो घेऊन गावी जायचं. अशा माणसाला पुन्हा कुठली तालीम उभी करत नसे.

या तालमीत भरमू नावाचा पैलवान होता. शिरोळच्या पुढं कृष्णाकाठच्या खेड्यातला, विशी ओलांडलेला. बाप लहानपणीच गेलेला. आई गंगव्वा, तिला तो तिकडच्या रीतीनं आव्वा म्हणायचा. तिनं म्हशी पाळून, दूध-लोणी धाडून या पोराला पैलवान केलेला. अंगानं पहाड, पण बोलायला लागला की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. खासबागेच्या मैदानात त्याची उत्तरेकडच्या एका नामांकित मल्लाशी कुस्ती ठरली होती. महाराज स्वतः बघायला बसणार. पेठेत दुसरा विषय नव्हता.

मैदान पंधरवड्यावर आलं असताना हा भरमू भर दुपारी माझ्या पडद्याआड आला. मी ‘बसा’ म्हणायच्या आत म्हणाला, “दस्तगीरभाई, म्या काय बी केल्यालं न्हाय.”

“अरे, मी कुठं काय म्हटलं?”

“आव्वाच्या गळ्याची आन. काय बी न्हाय.”

मग दाखवलं. उजव्या जांघेच्या घडीत बंद्या रुपयाएवढा काळपट लाल चट्टा, त्यावर पाण्यानं भरलेले फोड, आणि तिथून खाली ओघळल्यासारखी फोडांची एक रांग. कातडं सुजून तट्ट झालेलं. या गड्यानं तशा अवस्थेत चार दिवस जोर-बैठका काढल्या होत्या. मी घाबरलो, ते फोडांना नव्हे. त्या जागी फोड म्हटले की गावाला एकच रोग आठवतो, बाहेरख्यालीपणानं लागणारी गरमी. आणि गरमी म्हणजे लंगोट सुटला.

डॉक्टरसाहेबांना बोलावलं. भरमू आधी हात जोडून नको नको म्हणत होता, पण त्यांनी अगदी हळू हातानं सगळं तपासलं, गाठी चाचपल्या, घसा बघितला. म्हणाले, “हा तो आजार नाही. याला बाहेरून काही तरी लागलंय. काय लावलंस रे?”

“काय बी न्हाय, सायेब.”

मी गार पाण्याच्या घड्या दिल्या, मलम दिलं. पण ज्याची भीती तेच झालं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर अंघोळ करताना कुणाच्या तरी नजरेला ते पडलं आणि संध्याकाळच्या आत तालमीभर झालं. येसबांनी खुंटीवरचा लंगोट काढला आणि भरमूच्या हातात ठेवला.

सकाळी दवाखाना उघडायला गेलो तर भरमू पायरीवर बसलेला. मांडीवर उपरण्यात बांधलेलं गाठोडं. एवढा मोठा देह, पण पोटात पाय घेऊन बसलेला. “गावाकडं कुठल्या तोंडानं जाऊ?” म्हणाला. “आव्वा मैदानाची वाट बघत बसलीया.” मला त्याच्यापुढं उभं राहवेना. मी तडक तालमीत गेलो आणि येसबांना म्हणालो, डॉक्टरसाहेबांनी बोलावलंय, आत्ता.

येसबा आले. भरमू गाठोडं घेऊन आत कोपऱ्यात बसला होता. डॉक्टरसाहेबांनी त्यांना बाकड्यावर बसवून स्वच्छ सांगितलं, की पोराला रोग नाही, माझा शब्द घ्या.

“तुमचा शबूद मला देवावानी हाय, सायेब,” येसबा म्हणाले, “पर माझ्या तालमीतली पोरं शबूद बघत न्हाईत, फोड बघत्यात. रोग न्हाय म्हनता, मग काय हाय? मला कारन द्या. कारन असलं तर मी सोता ह्येचा लंगोट खुट्टीला टांगतो. न्हाय तर न्हाय.”

आता कारण कुठून आणायचं? डॉक्टरसाहेब माझ्याकडं बघायला लागले, मी त्यांच्याकडं. आणि दोघांच्याही डोक्यात एकदमच आलं असावं, कारण ते “कापड” म्हणाले तेव्हा माझा हात भरमूच्या गाठोड्याकडं गेलेला होता. ज्या लंगोटानं त्याला तालमीबाहेर काढलं, तो पायरीपासून त्याच्या मांडीवरच होता.

लाल मादरपाटाचा, हातानं शिवलेला नवा लंगोट. भरमू म्हणाला, आव्वानं मैदानासाठी शिवून धाडलाय, मऊ पडावा म्हणून आठ दिवस सरावाला बांधत होतो. मी तो दारातल्या उन्हात पसरला. वरून काहीच दिसेना. दुमड उलटी केली, आणि उजव्या अंगाला शिवणीच्या आत एक काळसर ठिपका दिसला. लाल कापडावर तो मातीच्या डागासारखा वाटावा. कडेनं तेल पसरल्यासारखी पिवळट झाक.

येसबांनी वाकून बघितलं आणि ताठ झाले. “बिब्बा!”

बिब्बा कुणाला माहीत नाही? परीट त्यानंच कपड्यावर खूण करतात, ती कापड फाटेस्तोवर जात नाही. आजीबाया दुखऱ्या सांध्याला डागतात. पण बिब्बा सगळ्यांना सोसत नाही. एकाला काही होत नाही, आणि दुसऱ्याच्या अंगावर असा उततो की भाजल्यासारखे फोड. त्यात परीट वर चुना लावून बिब्ब्याच्या तेलाची धग मारतात, हा तर नुसताच टोचून लावलेला, वर घाम आणि घासणं. सगळं उलगडलं. मी खुशीनं भरमूकडं बघतोय तोवर येसबांचा आवाज फुटला.

“ही करनी हाय! खालच्या तालमीची! मैदानाच्या तोंडावर माझ्या गड्याच्या लंगोटात बिब्बा? आरं, लाठ्या काढा म्हनावं पोरांना!”

दवाखान्यात औषधाला आलेल्या बायका उठून भिंतीला लागल्या. येसबा उंबऱ्यापर्यंत पोचले होते. अर्ध्या घटकेत दोन पेठांत डोकी फुटली असती आणि ती शिवायला मलाच बसावं लागलं असतं. मी त्यांच्या वाटेत उभा राहिलो. “वस्ताद, शिवण बघा. ठिपका शिवणीच्या आत आहे. शिवायच्या आधी लावलेला आहे. हा लंगोट शिवला कुणी?”

येसबा थांबले. भरमूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “आव्वानं,” तो म्हणाला. येसबा उंबऱ्यावरून मागं फिरून बाकड्यावर येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी येसबा आणि मी बैलगाडीनं निघालो. येसबांना स्वतःच्या कानानं ऐकायचं होतं, आणि मला त्यांच्या आवाजाची काळजी होती. घर कृष्णेच्या काठाला, दारात दोन म्हशी. गंगव्वा कृश बाई, कपाळावर आडवा गोंदणाचा डाग. तालमीचा वस्ताद दारात बघून तिची अशी धांदल उडाली की घोंगडं अंथरू का पाणी आणू तिला कळेना.

“पोरगं बरं हाय न्हवं?”

“बरं हाय आक्का. मैदानाचं आवतान द्याया आलोय,” येसबा म्हणाले. मी त्यांच्याकडं बघितलं. ही काही निखालस खोटी गोष्ट नव्हती, पण खरीही नव्हती.

भाकरी, दही, वांग्याची भाजी. जेवताना ती पंख्यानं वारा घालत बसली आणि कुणी विचारायच्या आत आपणच बोलली. “लंगोट बसला का त्येला नीट? म्या सोता शिवलाय. वस्ताद, तुमी मोठी मानसं, तुमाला म्हनून सांगते, कुनाला बोलू नगा. एवढी दुनिया माझ्या ल्योकाकडं बघनार. सोन्यासारखं अंग. दिष्ट लागंल न्हवं? म्हनून शिवताना आत बिब्ब्याचा ठिपका देऊन ठेवलाय. कुनाला दिसत न्हाय, त्येला सुदीक ठावं न्हाय. सांगितलं की गुन जातोय.”

येसबांचा घास हातात राहिला. ज्या कारणासाठी ते एवढ्या लांब आले होते ते त्यांच्या ताटासमोर पंखा हलवत बसलं होतं. मला वाटलं, आता हा माणूस बोलणार, कारण त्याला दुसरं येतच नव्हतं. येसबांनी घास खाल्ला, पाणी प्याले आणि म्हणाले, “लंगोट चांगला बसलाय आक्का.”

परतीच्या वाटेवर ते बैलांच्या पाठीकडं बघत होते. मग म्हणाले, “दस्तगीर, माझी आय मी रांगत असताना गेली. मला कुनी काय लावलं न्हाय.” मी पानाची चंची पुढं केली. त्यांनी पान खाल्लं नाही, पण चंची बराच वेळ हातात धरून ठेवली.

कोल्हापुरात परतलो त्या संध्याकाळी येसबांनी सगळ्या तालमीला मारुतीपुढं उभं केलं. मीही दाराशी होतो. त्यांनी सगळं खरं खरं सांगितलं. “ह्येच्या आयनं दिष्टीसाठी बिब्बा लावला, त्यो उतला. पोरगं लंगोटाचं पक्कं हाय. ज्यानं वंगाळ बोललं असंल त्यानं मारुतीपुढं नाक घासावं.” मग आवाज चढला. “आनि आईका. ह्यातलं एक आक्षर त्या माऊलीच्या कानावर गेलं, तर ज्येच्या तोंडातनं गेलं त्येचा लंगोट खाली!” त्यांनी तो लाल लंगोट भरमूच्या खुंटीला टांगला. तो टांगण्यापुरता. बांधायला त्यांनी स्वतःचा जुना लंगोट आणला, कैक वर्षं धुवून धुवून सायीसारखा मऊ पडलेला. अख्ख्या तालमीत तो कधी कुणाला हात लावू दिला नव्हता.

मग माझं काम सुरू झालं. दिवसातून तीनदा गार पाण्याच्या घड्या, वर उकळून गार केलेलं खोबरेल, फोड सुकल्यावर जस्ताचं मलम. लंगोट बंद. भरमू एका सैल पंच्यावर तालमीच्या माळ्यावर वारा खात पडायचा आणि मी आत गेलो की भिंतीकडं तोंड करायचा. “कातडं माझ्याकडं दे आणि तोंड हवं तिकडं कर,” मी म्हणायचो. येसबा जिन्याखालून दर तासाला ओरडायचे, “सुकलं काऽऽ?” निम्म्या पेठेला भरमूच्या जांघेची खबर मिळत होती. मैदानाच्या आदल्या सकाळी नवं गुलाबी कातडं आलेलं बघितलं आणि मी माळ्यावरूनच ओरडलो, “सुकलं, वस्ताद!” खालून टाळ्या वाजल्या.

मैदानाच्या दिवशी गंगव्वा गाडीनं आली. बायका आत जात नसत, तेव्हा ती बाहेर झाडाखाली गाडीतच बसून राहिली, आतल्या प्रत्येक गर्जनेला पदर तोंडात धरून. कुस्ती पुष्कळ वेळ चालली. तो उत्तरेकडचा मल्ल भरमूच्या दीडपट. दोनदा त्यानं भरमूला खाली घेतला, दोनदा भरमू मासळीसारखा निसटला. शेवटी दोघांचीही अंगं थकली आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. कोल्हापूरला त्या दिवशी ती बरोबरी विजयाहून गोड लागली. महाराजांच्या हातचा फेटा बांधून भरमू बाहेर आला तेव्हा मी, डॉक्टरसाहेब आणि येसबा त्याच्यामागं होतो.

गंगव्वानं पोराच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि येसबांकडं वळून हळूच, पण आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, “बघितलंसा न्हवं वस्ताद? एवढा राकीस आंगावर आला, पर माझ्या ठिपक्यानं राखलं.”

आम्ही सगळे येसबांकडं बघायला लागलो. जन्मात खोटं न बोललेला माणूस एकदा त्या बाईकडं बघत होता, एकदा आपल्या पायाकडं.

“व्हय आक्का,” येसबा म्हणाले. “तुमच्या ठिपक्यानंच राखलं. आता त्यो पोराच्या आंगात उतरलाय. परत लावायचं कारन न्हाय, जल्मभर पुरंल.”

गंगव्वानं समाधानानं मान हलवली. डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

यालाही पुष्कळ वर्षं झाली. महाराज गेले, येसबा गेले. गंगव्वा पिकल्या पानासारखी गेली, आपल्या ठिपक्यावरचा विश्वास घेऊन. खुंटीवरच्या त्या लाल लंगोटाचा रंग उडाला तरी तो कुणी काढला नाही. आता त्या तालमीचा वस्ताद भरमू आहे. नव्या पोरांची लंगोटाची शिवण तो स्वतः उलटून बघतो आणि का बघतो ते सांगत नाही.

गेल्या साली तो माझ्या घरी आला. मला पेन्शन घेऊन बरीच वर्षं झालीत, पण म्हणाला, जरा घामोळं आलंय, बघता का? आत नेलं. घामोळं कुठलं नि काय, कातडं स्वच्छ होतं. तो छताकडं बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, “दस्तगीरभाई, त्यो डाग हाय का वो आजून? मला वाकून दिसत न्हाय. आव्वाचा त्यो.”

तिथं पुष्कळ दिवस एक काळसर खूण राहिली होती, ते मला आठवत होतं. मी चष्मा लावला, खिडकी उघडली आणि उजेडात नीट बघितलं. कातडं साऱ्या अंगासारखंच झालं होतं. डाग केव्हाच मावळला होता.

“आहे की,” मी म्हणालो. “जसाच्या तसा आहे.”